तलवारीचा सालदार : अद्भुतकथा लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मराठीत अद्भुतकथा लिहिणारी, नसलेल्या राज्यांचे नकाशे काढणारी आणि फासे टाकून लढाया खेळणारी समस्त मंडळी,

स. न. वि. वि.

मी काही लेखक नाही. अकोट तालुक्यात, खारपाणपट्ट्यात आमचं गाव. विहिरीचं पाणी खारं, जमीन काळी, उत्तरेला सातपुडा, आणि पाच एकरांत तूर, कपाशी नि थोडा हरभरा. माझे दोन्ही कान मोडलेले आहेत. जाणत्या माणसाला तेवढ्यावरून माझा जुना धंदा कळतो. ज्याला कळत नाही तो विचारतो, "काका, कानाले काय झालं?"

अकराव्या वर्षी अंगाला आखाड्याची माती लागली, चौतिसाव्या वर्षी सुटली. मधली बरीच वर्षं यात्रांमधल्या कुस्त्यांवर मी घर चालवलं. म्हणजे मी तसं समजत होतो. घर माझ्या बायकोनं म्हशींवर चालवलं.

पत्राला कारण माझा पुतण्या. अकोल्याला शिकतो. दिवाळीत आला तो दोनशे पानांचं रजिस्टर घेऊन. म्हणाला, "मोठेबाबा, हे वाचून सांगा. लढाईचं तुमाले कळते." तूर शेंगेवर आली की आमच्याकडं रात्री जागलीला जावं लागतं. रोही, म्हणजे नीलगाई, आणि डुकरं एका रात्रीत वावर साफ करतात. मचाणावर बसून, बॅटरीच्या उजेडात, दोन रात्रींत मी ते रजिस्टर वाचलं. दुसऱ्या रात्री इतका गुंगलो की रोह्यांनी तुरीची दीड ओळ खाल्ली. हा पोराच्या लेखणीचा गौरवच समजा.

गोष्टीत सात किल्ल्यांचं एक राज्य आहे, आभाळात उडते अजगर आहेत, आणि चाळीस जणांची एक टोळी आहे जी पैसे घेऊन कुणासाठीही लढते. टोळीचा नाईक एका दमात चौदा जणांना कापतो, रात्री गुत्त्यात बसतो, सकाळी घोड्यावर टांग टाकून पुढच्या लढाईला निघतो. पोरगं लिहितं चांगलं. पाऊस, धूर, घोड्यांचा घाम, सगळं डोळ्यांपुढं येतं. पण पन्नासाव्या पानानंतर मला त्या चाळीस जणांची काळजी लागली. हे लोक पैशासाठी लढतात असं पहिल्याच पानावर लिहिलंय, आणि पुढं अख्ख्या रजिस्टरात पगार हा शब्द एकदाही आला नाही.

मग त्यानं मोबाईलवर इतरांच्या अशाच गोष्टी काढून दिल्या. तुमच्याच असाव्यात. पाच-सहा वाचल्या. राज्यं वेगळी, अजगरांचे रंग वेगळे. बाकी तोच नाईक, तोच गुत्ता. म्हणून हे पत्र एकट्या पुतण्याला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहितो आहे.

आमच्याकडं पाडव्याला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, ठरतो. ओसरीवर मालक बसतो, समोर सालदार उकिडवा, मध्ये दोन जाणती माणसं. वर्षाचे पैसे किती, ज्वारी किती पोते, उचल किती, पोळ्याला कपडे कुणाचे, खाडा पडला तर कापायचं कसं, बैलानं मारलं तर औषधपाणी कुणी करायचं, या एकेका गोष्टीवर तासतास घासाघीस चालते. मी लहानपणापासून ते पाहत आलोय. आणि मला खात्री आहे की पैसे घेऊन लढणारा माणूस हा तलवारीचा सालदार आहे. त्याचं सालही कुठल्या तरी ओसरीवर ठरलेलं असणार. तुमची गोष्ट त्या ओसरीनंतर सुरू होते, आणि तिथंच ती मला खोटी वाटायला लागते.

हे माझ्या मनचं नाही. जुन्या लोकांनी याचा विचार केलेला आहे. कौटिल्यानं सैन्याचे प्रकार सांगितले त्यात पिढीजात ते 'मौल', पगारी ते 'भृत', आणि लढणाऱ्यांचे संघ ते 'श्रेणी'. पुढं मित्राचं सैन्य, शत्रूकडून आलेलं आणि जंगलातलं. पुतण्याच्या गोष्टीत भाडोत्री लोकांचं एक 'गिल्ड' आहे. मी त्याला म्हटलं, अरे, याला आपल्याकडं दोन हजार वर्षांपासून श्रेणी म्हणतात, तू इंग्रजी नाव कशाला हुडकत गेलास? तो म्हणाला, "गिल्ड भारी वाटते." बरं बाप्पा.

मराठ्यांच्या फौजेत दोन तऱ्हेचे घोडेस्वार असत, हे शाळेत तुम्ही शिकलाच असाल. बारगिराला घोडा नि हत्यार सरकारचं किंवा सरदाराचं. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन येणार; त्याला पगार जास्त, मान जास्त. शाळेत एवढंच शिकवतात नि पुढच्या धड्याला जातात. खरी गोष्ट तिथून पुढं आहे. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची अर्धी इस्टेट मेली. दुसरा घेता आला नाही तर त्याला बारगीर व्हावं लागे. मग असा माणूस तोफेच्या तोंडावर घोडा घालील का? दहादा विचार करील. ज्याची बैलजोडी स्वतःची आहे तो चिखलात बैल घालत नाही. सालदाराला मालकाच्या बैलाचं तेवढं वाटत नाही, आणि त्यात सालदाराची चूक नाही. तर तुमच्या गोष्टीतल्या योद्ध्याची तलवार कुणाच्या मालकीची आहे, हे आधी ठरवा. त्याचं शौर्य किती आणि कुठवर, हे त्यावरून ठरेल. माझं म्हणणं पटत नसेल तर कर्जावर ट्रॅक्टर घेतलेल्या माणसाला नाल्यातून ट्रॅक्टर काढायला सांगून पाहा.

शिवकाळात फौज आठ महिने मुलूखगिरीवर आणि पावसाळ्याचे चार महिने छावणीत अशी रीत होती. दसरा झाला की कूच. लूट सरकारात जमा करायची. तुमच्या राज्यांत बाराही महिने लढाई चालते. पाऊस येतो तो फक्त नायकाचा बाप मरतो त्या दिवशी. माझी कुस्तीसुद्धा दिवाळीनंतर सुरू होऊन अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, संपायची. मधल्या एखाद्या नागपंचमीच्या नारळावरच्या कुस्त्या सोडल्या तर पावसाळाभर पहिलवान काय करतो? डवरतो. निंदतो. उधारी करतो. दुपारी झोपतो नि वजन वाढवून घेतो, आणि बायकोच्या नजरेला नजर देत नाही.

माझे वस्ताद अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तयार झालेले. ही संस्था १९१४ सालची. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला तिथली मंडळी जाऊन कबड्डी नि आपले देशी खेळ दाखवून आली, हे वस्ताद आम्हाला स्वतः गेल्यासारखं सांगत. त्यांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. या वस्तादांनी पहिले सहा महिने मला एक डाव शिकवला नाही. पहाटे उठून आखाड्यातला मातीचा हौद खणायचा. माती चाळायची, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून तुडवायची. मग जोर-बैठका. मग पडायला शिकायचं. नुसतं पडायचं, उठायचं, पुन्हा पडायचं. सहा महिन्यांनी पहिल्यांदा त्यांनी माझा हात धरला तेव्हा मला वाटलं, आता शिकवतात. त्यांनी मला आपटलं आणि म्हणाले, "हां, आता पडता येते तुले." तुमच्या गोष्टीत कुठल्या तरी म्हाताऱ्याकडं नायक तीन पानांत तयार होतो. त्या तीन पानांत एकदा तरी माती खणू द्या त्याला.

आता माझी एक गोष्ट सांगतो. रडगाणं गायचं म्हणून सांगत नाही. तुमच्या उपयोगाची आहे.

१९९४ चा माघ. गावाचं नाव घेत नाही. यात्रेतली शेवटची काटा कुस्ती माझी होती, इनाम पाच हजार एक. समोरचा माझ्याहून दहा-बारा किलोनं भारी. सतरा मिनिटं चालली. पहिली पाच मिनिटं नुसती खडाखडी, लोक ओरडायला लागले. मग त्यानं पट काढला, मी सुटलो. शेवटी त्याला ढाक या डावावर घेतला आणि चित केला. डफडं वाजलं, लोकांनी खांद्यावर घेतलं, फेटा बांधला. तुमची गोष्ट असती तर इथंच संपली असती. माझी गोष्ट त्यानंतर दीड तासानं देवळामागच्या खोलीत सुरू झाली. कमिटीतले एक गृहस्थ कंदिलाजवळ वही घेऊन बसले होते. मी अंगाला माती तशीच वाळलेली घेऊन उभा. ते मान वर न करता वाचत होते, "मंडपाचे गेले... डफडेवाल्याचे गेले... पंचांच्या चहापान्याचे गेले..." आणि शेवटी अंगठा थुंकीनं ओला करून त्यांनी माझ्या हातावर अडीच हजार मोजले. वर म्हणाले, "पुढच्या वर्षी ये. नक्की ये बरं." मी हो म्हटलं. काय म्हणणार? पुढच्या वर्षी तिथं कुस्ती हवी होती ना मला. त्याच रात्री समोरच्या पहिलवानाला बैलगाडीच्या साटीवर बसलेला पाहिला. त्याला किती मिळाले विचारलं. त्याला हरल्याचे पाचशे ठरले होते, मिळाले दोनशे. आम्ही दोघांनी मिळून भजी खाल्ली.

पुढच्या हंगामात तसाच ढाक मारायला गेलो, पाय मातीत रुतला आणि गुडघा फिरला. गावातल्या चोळणाऱ्यानं दोन महिने चोळला, त्यानं तो आणखी बिघडला. बाबांनी गोऱ्हा विकला, तेव्हा शहरातल्या डॉक्टरला दाखवता आलं. त्या गोऱ्ह्याचा जोडीदार एकटा राहिला नि त्याला पुढं जोडच मिळाली नाही. गुडघ्यापेक्षा मला तेच जास्त लागलं. तुमच्या नायकाला जखम होते तेव्हा घरी काय विकलं जातं, हे कुणीच का लिहीत नाही?

यावर पुतण्या म्हणाला, "आमच्या राज्यात वैदू मंतर मारते, जखम बुजते." हे ऐकून मी थोडा गप्प बसलो, कारण माझ्या धंद्यातल्या कुठल्याही माणसाला हे स्वप्नासारखंच आहे. पण रात्री मचाणावर विचार केला तेव्हा लक्षात आलं, ते स्वप्न माझं नाही, मालकाचं आहे. माझा गुडघा मंत्रानं एका तासात बरा होत असता, तर त्या कमिटीनं मला त्याच संध्याकाळी दुसरी कुस्ती धरायला लावली असती. आणि मंत्राचे पैसे इनामातून कापले असते. जिथं जखम स्वस्तात भरते तिथं लढणाऱ्याचं अंग आणखी स्वस्त होतं. मंत्राचा खर्च बोलीत कुणाच्या अंगावर टाकलाय? वैदू मालकाच्या पगारावर आहे की टोळीच्या? जखम बुजली तरी कळ राहते का? जादू आली म्हणजे या भानगडी मिटत नाहीत. नवीन भानगडी सुरू होतात, आणि तुमच्याजवळ लिहायला त्याहून चांगला मालमसाला कुठला आहे?

रोमन लोकांच्या आखाड्यांतही हा हिशेब होता. तिथले ग्लॅडिएटर जव आणि कडधान्यं खात. लोक त्यांना 'जवखाऊ' म्हणून चिडवत. गालेन हा मोठा वैद्य तरुणपणी पर्गमममध्ये त्यांच्यावर उपचार करायच्या नोकरीवर होता. मालकानं पैसे देऊन वैद्य ठेवला होता, कारण तयार ग्लॅडिएटर म्हणजे त्याचं भांडवल. गोठ्यात गुरांचा डॉक्टर बोलावतात तसं. मला खुराकाचं हे वाचून बरं वाटलं. आम्हाला बदाम नि तूप क्वचित. बाकी ज्वारीची भाकर, चणे आणि म्हशीचं दूध, तेही विकून उरलं तर.

खुराकावरून आठवलं. बायकोनं माझ्याकडून गोष्ट ऐकली आणि तिनं एकच प्रश्न विचारला : "त्या चाळीस जनांचा सयपाक कोन करते?" पुतण्या हसला. मी नाही हसलो. बियाण्याच्या रिकाम्या पिशवीच्या पाठीवर आम्ही तिघांनी हिशेब मांडला. राबणारा माणूस दिवसाला पाऊण किलो ज्वारी सहज खातो. चाळीस जणांची तीस किलो, महिन्याची नऊ क्विंटल. टोळीत बारा घोडे आहेत. घोड्याला चार किलो दाणा धरला तर महिन्याला चौदा क्विंटलांच्या वर. म्हणजे माणसांपेक्षा घोडेच जास्त खातात, चारा वेगळाच. दोन्ही मिळून तेवीस क्विंटल झाले. आमच्या कोरडवाहूत ज्वारीचं एकरी पाच-सहा क्विंटल झालं तरी चार एकरांचं पीक ही टोळी महिन्यात फस्त करते, आणि त्यात वरण नाही, तेल नाही, जळण नाही. सकाळी उठून चाळीस माणसांच्या दीडशे भाकरी थापणाऱ्या बायका कोण? त्यांना काय मिळतं? टोळीबरोबर गाढवं असतील, लोहार असेल, नालबंद असेल, उधारीवर गूळ-तंबाखू देणारा वाणी असेल. चाळीस तलवारींच्या मागं शंभर माणसं चालत असणार. तुमच्या नकाशावर नुसत्या चाळीस तलवारी दिसतात.

आणि ही टोळी ज्या गावाजवळ उतरते त्या गावाचं काय होतं? आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात 'पेंढारी' हा शब्द अजून शिवीसारखा येतो. पेंढाऱ्यांना पगार नसे. जे लुटाल ते तुमचं, अशीच बोली. १८१७-१८ च्या युद्धात त्यांचा बंदोबस्त झाला, तोवर वऱ्हाडानं फार सोसलं. पगार न देणारा राजा सैन्य फुकट ठेवत नाही. तो पगार गावांकडून वसूल होतो, एवढंच. तुमच्या राजानं टोळीला पैसे थकवले की पुढच्या प्रकरणात कुठल्या तरी गावातल्या कणग्या फुटल्या पाहिजेत. ते प्रकरण कुणी लिहिलेलं मला आढळलं नाही.

लढाईबद्दलही थोडं बोलतो, कारण पुतण्यानं तेवढ्यासाठीच वाचायला दिलं होतं. एका दमात चौदा जण. मी त्याला नि त्याच्या तीन दोस्तांना अंगणात बाभळीच्या ओंडक्यापुढं उभं केलं आणि हातात कुऱ्हाड दिली. तलवार वजनाला किलो-सव्वा किलोची. कुऱ्हाड थोडी जड, पण ओंडका उलटून मारत नाही, म्हणून हिशेब बरोबर. म्हटलं, जोरात मारा, थांबायचं नाही. पहिला बावीस घावांत वाकला. पुतण्या ईर्षेनं एकतीसपर्यंत गेला. शेवटचे आठ घाव ओंडक्याला लागले की जमिनीला, ते ओंडक्यालाच माहीत. दुपारी त्याला चहाचा कप धरता येईना, बशी वाजत होती. हाताला फोड. संध्याकाळी त्यानं रजिस्टर काढलं आणि चौदाचे तीन केले. मला विचारलं, "तीन जमते?" म्हटलं, दोघं पळाले तर जमते.

पळण्याचं हसू नका. आमच्या शेजारच्या तेल्हारा तालुक्यात अडगाव आहे. तिथं २९ नोव्हेंबर १८०३ ला नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. दोनच महिन्यांपूर्वी, २३ सप्टेंबरला, असईच्या लढाईत ज्या शिपाई पलटणी तोफांपुढं छातीठोक उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्यातल्याच तीन पलटणी अडगावला तोफा सुरू होताच मोडून पळाल्या. तीच माणसं, तोच सेनापती. दिवसभर उन्हात चालून आलेली. वेलस्लीनं त्यांना स्वतः गोळा करून परत उभं केलं आणि लढाई जिंकली. आखाड्यातला कुणीही तुम्हाला सांगेल की असं होतं. काल ज्याला उचलून आपटला, आज त्याच्याच पुढं पाय थरथरतात. कारण सापडत नाही, आणि सापडलं तर ते पोटात असतं.

त्याच लढाईत भोसल्यांच्या बाजूनं परदेशी भाडोत्री पायदळाची एक तुकडी होती. कुणी अरब म्हणतं, कुणी इराणी. ती इंग्रजांच्या ७४ आणि ७८ नंबरच्या गोऱ्या पलटणींवर चालून गेली आणि तिथंच संपली. समुद्र ओलांडून वऱ्हाडातल्या कपाशीच्या काळ्या मातीत येऊन पडलेली माणसं. त्यांचं साल कुणी ठरवलं होतं? बाकी किती राहिली होती? ती त्यांच्या घरी कुणी पोचवली? मी त्या बाजूला अनेकदा गेलो, म्हैस घ्यायलासुद्धा गेलो, पण त्यांच्यातल्या एकाचंही नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. तुमच्यासारख्यांचं काम खरं तर इथं आहे.

तिथून पुढं इंग्रज गाविलगडावर गेले. १५ डिसेंबरला किल्ला पडला. चढाईची चित्रं पुस्तकांत असतात. त्याआधीचे काही दिवस मात्र सैनिकांनी अचलपूरकडून मेळघाटाच्या डोंगरांतून आधी रस्ता केला नि मग त्या रस्त्यानं जड तोफा हातांनी ओढत वर नेल्या. लढणाऱ्याचं बहुतेक आयुष्य असंच ओढण्यात जातं. कुस्ती सतरा मिनिटांची; यात्रेला पोचायला रात्रभर एसटीच्या टपावर.

आणि नागपूर. डिसेंबर १८१७. सीताबर्डीची लढाई हरल्यावर आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या छावणीत जाऊन बसले, पण त्यांच्या पदरचे अरब शिपाई शहर सोडेनात. इंग्रजांनी शहरावर हल्ला केला, तो फसला. शेवटी कुटुंबकबिला आणि सामानसुमान घेऊन जायला वाट मोकळी मिळाली तेव्हा ते बाहेर पडले. राजा शरण गेला तरी सालदारांनी आपली बोली आपण केली! यात गुत्ता नाही, अजगर नाही, आणि तरी मला ही गोष्ट तुमच्या सगळ्या गोष्टींहून चांगली वाटते. वेशीच्या आत बायका-पोरं, बाहेर तोफा, आणि मध्ये घासाघीस करणारा कुणी तरी जमादार, ज्याला दोन्हीकडची भाषा अर्धवट येते. तो जमादार लिहा ना.

आजचंही सांगतो. पहाटे चारला आमच्या डांबरी रस्त्यावर पोट्टे धावतात. कुणी पोलीस भरतीचे १६०० मीटर मारतो, कुणी अग्निवीर व्हायला निघालाय. २०२२ पासून फौजेतली ती भरती चार वर्षांच्या बोलीची झाली. चौघांतला फार तर एक पुढं कायम होतो. योजना बरी की वाईट यावर आमच्या पारावर रोज भांडण होतं, त्यात मी इथं पडत नाही. पण चार वर्षं बंदूक धरून पंचविशीत वावरात परतलेला, बापाच्या बैलांना हुकूम सोडणारा तरुण आता गावोगाव दिसणार आहे. तुमच्या सात किल्ल्यांच्या राज्यातही तो असणारच. लढाई संपल्यावर घरी आलेला, ज्याच्या हाताला दुसरं काही येत नाही असा. त्याला एक प्रकरण द्यायला काय हरकत आहे?

अजगर ठेवा. मला अजगर आवडले. फक्त अजगर मारायला टोळी बोलावताना गावात वर्गणी काढा. रोही वावरात शिरले तर आमच्या गावात तारेच्या कुंपणाची वर्गणी तीन वर्षं जमत नाही. ज्याचं वावर कडेला आहे तो जास्त द्यायला तयार नसतो, आतल्याला वाटतं आपल्यापर्यंत येतच नाहीत. अजगराच्या वेळी माणसं वेगळी वागतील असं मला वाटत नाही. मेलेल्या अजगराचं कातडं कुणाचं, मारणाऱ्याचं की ज्याच्या वावरात पडला त्याचं, यावर तर मी तुम्हाला अख्खं पुस्तक सांगीन.

एवढं सगळं मी पुतण्यालाही सांगितलं. तोंड पाडून अकोल्याला गेला. मला वाटलं, झालं, पोराचा उत्साह मी मारला. बायकोही तेच बोलली. पण परवा रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, पहिलं प्रकरण फाडलं, नवीन लिहितोय. त्यात लढाई कालच संपली आहे. पाऊस चालू आहे. चाळीसातले एकतीस उरलेत आणि ते राजाच्या खजिनदाराच्या दारात धरणं धरून बसलेत. नाईक उकिडवा बसलाय, अंगावरचा चिखल वाळलाय, आणि आत दिव्याजवळ खजिनदार वही चाळतोय.

"सात महिन्यांची बाकी हाय त्याईची, मोठेबाबा," तो म्हणाला. "मी तेथंच अडकलो. खजिनदार पैसे देते का?"

"अर्धे देते," मी म्हटलं. "मंडपाचे कापून."

आपला,
एक माजी पहिलवान,
ता. अकोट, जि. अकोला